बॅग भरण्याआधी बोर्ड बघा

नेदरलँड्समधल्या हेगच्या आंतरराष्ट्रीय कायदा अकादमीचा उन्हाळी अभ्यासक्रम जुलै-ऑगस्टमध्ये असतो. तिथला उन्हाळा म्हणजे आपला ऐन पावसाळा. आपल्या कोर्टांची मे महिन्याची सुट्टी तोवर संपलेली, बोर्ड, म्हणजे कोर्टातली त्या दिवसाच्या प्रकरणांची यादी, भरलेला आणि पक्षकार पेरणी-खुरपणीत, म्हणजे फीचीही बोंब. अंबाजोगाईहून मी तीन आठवड्यांसाठी गेले त्या वर्षी विमानाच्या तिकिटापेक्षा डायरीनेच जास्त झोप उडवली. म्हणून आमच्या बाररूममधली वकील पोरं-पोरी "मॅडम, परदेशी अभ्यासक्रमाची तयारी काय करायची?" असं विचारतात तेव्हा मी आधी डायरी उघडायला सांगते.

गैरहजेरीतल्या सगळ्या तारखा एका कागदावर काढा. त्यात मुदतीची कामं वर घ्या: कैफियत, म्हणजे दाव्याला लेखी उत्तर, द्यायचे 90 दिवस कुणाचे भरतात, जिल्हा न्यायालयातल्या अपिलाचे 30 दिवस कुणाचे संपतात. उलटतपासाच्या तारखा शक्य तर आधीच पुढे मागून घ्या. बाकी कामांसाठी सहकाऱ्याला नुसतं "जरा बघून घे" म्हणून भागत नाही, त्याचं नाव वकीलपत्रावर घाला. आणि पक्षकाराला तोंडाने सांगा. मी एका आजोबांना सांगायची विसरले. ते धारूरहून एस.टी.ने आले, माझं टेबल रिकामं दिसलं आणि संध्याकाळपर्यंत "वकीलीणबाई फायली घेऊन पळाल्या" ही बातमी त्यांच्या गावभर झाली.

कुठे अर्ज करायचा हे तुमच्या वकिलीच्या वयावर ठरतं. हेगची अकादमी 1923 सालची, वर्ग पीस पॅलेसच्या आवारात, तीन आठवडे सार्वजनिक आंतरराष्ट्रीय कायदा आणि तीन आठवडे खासगी. शिकवणं इंग्रजीत किंवा फ्रेंचमध्ये, शिष्यवृत्तीसाठी वेगळा अर्ज. ब्रिटनच्या चिव्हनिंग शिष्यवृत्तीला दोन वर्षांचा, म्हणजे 2,800 तासांचा, कामाचा अनुभव लागतो. पदव्युत्तर शिक्षण झाल्यावर दोन वर्षं मायदेशी राहण्याची अटही आहे. अमेरिकेची हम्फ्री फेलोशिप दहा महिन्यांची, पदवी न देणारी, किमान पाच वर्षं काम केलेल्यांसाठी. पण अमेरिकी योजनांचं यंदाचं वेळापत्रक अधिकृत संकेतस्थळावर बघितल्याशिवाय एक ओळ लिहू नका. आयव्हीएलपी नावाच्या अमेरिकी दौऱ्याला तर अर्जच नसतो, दूतावास स्वतः नावं निवडतो. तेव्हा "पन्नास हजार द्या, त्यात नाव घालतो" म्हणणारा एजंट भेटला तर त्याला तिथूनच नमस्कार.

कागदपत्रांत खरी गोम नावात असते. दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, वकिलीच्या सनदेवर माहेरचं नाव, आधारवर सासरचं, पासपोर्टवर तिसरंच काही. माझी चार कागदांवर चार नावं होती. राजपत्रातली नावबदलाची नोंद, विवाह नोंदणीचा दाखला आणि प्रतिज्ञापत्र हे सगळं जुळवायला दोन महिने गेले, त्यामुळे हे काम अर्जाच्याही आधी हाती घ्या. पासपोर्ट नवीन काढायचा तर 36 पानी पुस्तिकेची फी 1,500 रुपये. रास्ता रोकोत ज्यांचं नाव आरोपपत्रात आलंय त्यांनी (आपल्याकडे असे वकील कमी नाहीत) पासपोर्ट कायद्याचं कलम 6(2)(फ) वाचावं. फौजदारी खटला प्रलंबित असेल तर 25 ऑगस्ट 1993 च्या अधिसूचनेप्रमाणे ज्या कोर्टात खटला आहे त्याची परवानगी घेऊन पासपोर्ट मिळू शकतो. ते लपवून फॉर्म भरणं वकिलाला तर मुळीच शोभत नाही. बार कौन्सिलकडून सदस्यत्वाचा आणि वर्तणुकीचा दाखला मागवा, वकील संघाचं पत्र घ्या. शिफारसपत्रासाठी सीनियरकडे गेलात की "तूच लिहून आण, मी सही करतो" हे ऐकायला मिळेल. लिहून न्या, पण त्यात तुमची दोन खरी प्रकरणं घाला, "कष्टाळू व होतकरू" एवढंच नको.

आता निबंध, म्हणजे तुम्ही का जाताय. माझ्या पहिल्या मसुद्याची सुरुवात "जागतिकीकरणाच्या या युगात" अशी होती. तो फाडला. मग टेबलावरच्या फायली चाळल्या. केजची एक बाई, नवरा जर्मनीत, पोटगीचं समन्स त्याला पोचेना. परदेशात समन्स बजावण्याबद्दलच्या 1965 च्या करारात, हेग सर्व्हिस कन्व्हेन्शनमध्ये, भारत 2006 साली सामील झालाय, समन्स केंद्रीय विधी मंत्रालयामार्फत जातं, जर्मनीला थेट पोस्टाने बजावणी मान्य नाही आणि जर्मन भाषांतर सोबत लागतं, हे मला कळलं ते दोन तारखा वाया गेल्यावर. ही फाइल लिहिली आणि निबंध उभा राहिला. तुमच्याकडेही असं काही निघेलच. ऊसतोड कामगाराने मुकादमाकडून घेतलेली उचल फिटली नाही म्हणून त्याला अडकवून ठेवलं जातं तेव्हा 1976 चा वेठबिगार कायदा लागतो, आणि त्याच्यामागे आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा सक्तीच्या श्रमाविरुद्धचा 1930 चा 29 क्रमांकाचा करार आहे, जो भारताने 1954 साली स्वीकारला. इनाम जमिनीचं प्रकरण लिहायचं तर निजामाच्या राज्यातली जमीन आणि खासरा पत्रक हा जमिनीच्या नोंदीचा जुना कागद म्हणजे काय, हे परक्या माणसाला दोन ओळींत सांगून बघा. सांगता आलं तर मुलाखतीचीही तयारी झाली. मात्र पक्षकाराचं नाव, गाव, केस नंबर काढून टाका. पक्षकाराने विश्वासाने सांगितलेलं वकिलाने उघड करू नये, हे भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम 132 परदेशी निबंधालाही लागू आहेच, आणि लैंगिक अत्याचाराच्या प्रकरणात पीडितेची ओळख उघड करायला मनाई करणारं भारतीय न्याय संहितेचं कलम 72 आहे.

व्हिसाच्या वेळी आपली रोखीची फी आडवी येते. बँकेच्या उताऱ्यात वर्षभर शुकशुकाट आणि अर्जाच्या आदल्या आठवड्यात मामाने टाकलेले तीन लाख, हे अधिकाऱ्याच्या लगेच लक्षात येतं. वर्षभर आधीपासून फी खात्यात घ्या, आयकर विवरणपत्रं भरा. नेदरलँड्ससाठी लागणाऱ्या शेंगेन व्हिसाला (बऱ्याच युरोपीय देशांचा सामायिक व्हिसा) किमान 30,000 युरोंचा वैद्यकीय विमा लागतो. अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो, निदान पंधरा दिवस आधी तरी करावाच लागतो. बोटांचे ठसे द्यायला मुंबईला जावं लागलं तर त्या दिवसाची तारीखही डायरीत धरा.

सामानात काळा कोट नको, तिथे पुकारा होत नाही. धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी चालते, पण कुंथलगिरीचा पेढा बाहेर काढा. युरोपीय संघात बाहेरून दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत.

आणि फोनमध्ये ई-कोर्ट्सचं ॲप टाकून प्रत्येक प्रकरणाचा सीएनआर नंबर, म्हणजे त्याचा स्वतंत्र ओळख क्रमांक, भरून ठेवा. उन्हाळ्यात हेग आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे असतं. आपल्याकडे अकराचा पुकारा होतो तेव्हा तिथे सकाळचे साडेसात. वर्गाला जायच्या आत सहकाऱ्याला फोन करून कुणाला कोणती तारीख पडली ते विचारून घेता येतं.