‘फॉल्ट आला, कोड ००’: फ्लॅश ड्रायव्हरच्या चिपशी वागताना या चुका टाळा

कॅमेऱ्याचा फ्लॅश चालवणारी चिप तांदळाच्या दाण्याहून लहान असते. ती एलईडीतून दीड अँपिअर ढकलते आणि काही बिनसलं तर स्वतःहून थांबते. का थांबले, हेही रजिस्टरमध्ये, म्हणजे आतल्या मेमरीच्या छोट्या खणांत, लिहून ठेवते. आपण ते नीट वाचायचं, एवढंच काम. आणि त्यातच माणसं इतकी माती खातात की मला आता तेच तेच सांगायचा कंटाळा आलाय. म्हणून एकदाच लिहून टाकतो. उदाहरणाला टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची एलएम३६४४ घेतो, कारण माझ्या टेबलावर वर्षानुवर्षं तीच आहे: दोन एलईडी, प्रत्येकी दीड अँपिअरपर्यंत, आयटूसी बसवर (प्रोसेसर आणि चिप ज्या दोन तारांवरून बोलतात ती) पत्ता हेक्स ६३, म्हणजे सोळाच्या पायातला आकडा.

सगळ्यात लाडकी चूक पहिली. फ्लॅग रजिस्टर दोनदा वाचणं.

फ्लॅग म्हणजे ‘अमुक बिनसलं’ सांगणारी एका बिटाची खूण. या चिपमध्ये फ्लॅग वाचला की पुसला जातो. पाटीवरचा निरोप वाचणाऱ्यानेच पुसून टाकावा, तसं. आमच्याकडे एक हँडहेल्ड होतं, कॅमेरा आणि फ्लॅश असलेलं. टेस्टिंगला अधूनमधून फ्लॅश लागायचा नाही आणि लॉगमध्ये ओळ यायची: ‘फॉल्ट आला, कोड ००’. आता कोड शून्य म्हणजे फॉल्ट नाही, मग आला काय? टीममधल्या एका उत्साही मुलाने निष्कर्ष काढला, ‘सर, हा नॉइज आहे.’ आणि ‘कोड शून्य असेल तर दुर्लक्ष करा’ अशी अट घालून मोकळा झाला. लॉग स्वच्छ झाला. फ्लॅश काही लागेना.

मी कोड उघडला तेव्हा चौथ्या मिनिटाला सापडलं. अट तपासताना रजिस्टर एकदा वाचलं होतं आणि आत लॉग छापताना पुन्हा वाचलं होतं. पहिल्या वाचनात फॉल्ट दिसला, दुसऱ्यात तो पुसलेला. चार मिनिटांच्या कामाला आम्ही तीन आठवडे लावले, कारण तोवर कोड उघडायच्या ऐवजी सगळे बोर्ड बदलत होते. त्यात मीही होतो, हे कबूल करतो.

माझी सवय आता पक्की आहे. फ्लॅग वाचणारं फंक्शन चिप चालवणाऱ्या अख्ख्या सॉफ्टवेअर ड्रायव्हरमध्ये एकच. ते फ्लॅगची दोन्ही रजिस्टरं एकामागोमाग वाचून व्हेरिएबलमध्ये ठेवतं, मग लॉग, निर्णय, काय हवं ते त्या व्हेरिएबलवरून. दोन्ही म्हणतोय ते मुद्दाम. हेक्स ०ए मध्ये शॉर्ट, करंट लिमिट, तापमान, टाइमआउट वगैरे आहे, पण ओव्हरव्होल्टेज आणि एनटीसीचे (एलईडीचं तापमान मोजणाऱ्या थर्मिस्टरचे) फ्लॅग ०बी मध्ये आहेत. अर्धे लोक ०बी उघडतच नाहीत.

याच चुकीची सख्खी बहीण म्हणजे बोर्ड चालू असताना ‘जरा बघतो’ म्हणून आयटूसीडंप ही लिनक्सची कमांड मारणं. तो सगळी रजिस्टरं वाचतो, म्हणजे पुरावाही पुसतो. लिनक्सवर रेगमॅप (रजिस्टरं वाचण्या-लिहिण्याची कर्नलमधली सोय) वापरत असाल तर फ्लॅग रजिस्टरांना ‘व्होलाटाइल’ म्हणा, नाहीतर कॅशमधलं शिळं उत्तर मिळेल. आणि ‘प्रेशस’ही म्हणा, म्हणजे डीबगएफएस (कर्नलच्या आतलं दाखवणारी डीबगिंगची फाइल सिस्टिम) त्यांना हात लावणार नाही. दोन ओळींचं काम आहे. ‘नंतर करू’ म्हणणाऱ्यांनी ते नंतर केलेलं मी अजून पाहिलेलं नाही.

आता गोष्टीचा दुसरा भाग. वाचन दुरुस्त केल्यावर खरा फॉल्ट दिसला: ओव्हरव्होल्टेज. लगेच हार्डवेअरवाल्यांची धावपळ. सप्लाय तपासला, आउटपुटचे कपॅसिटर बदलले, इंडक्टर बदलला. चोर सोडून संन्याशाला सुळी.

अहो, ही चिप म्हणजे बूस्ट कन्व्हर्टर आहे, व्होल्टेज वाढवणारं सर्किट. ठरलेला करंट एलईडीतून जाईपर्यंत तो व्होल्टेज वाढवत राहतो. एलईडीच जोडलेला नसेल तर करंट जाणार कुठून? व्होल्टेज चढत चढत पाच व्होल्टच्या आसपास जातो आणि चिप ओव्हरव्होल्टेज सांगते. म्हणजे या फ्लॅगचा रोजच्या भाषेतला अर्थ बहुतेक वेळा ‘एलईडी सुटलाय’ असा असतो. आमच्याकडे एलईडीची फ्लेक्स केबल कनेक्टरमध्ये अर्धवट बसली होती. बोटाने टिचकी मारली की फॉल्ट यायचा, दाबून धरली की जायचा. तेव्हापासून हा फ्लॅग दिसला की मी मल्टिमीटरच्याही आधी बोट वापरतो.

बाकीच्या चुका पटापट सांगतो.

टाइमआउटच्या, म्हणजे फ्लॅशचा टायमर संपल्याच्या, फ्लॅगला फॉल्ट समजू नका. सॉफ्टवेअरने फ्लॅश पेटवला तर तो टायमर संपल्यावरच विझतो, मग बिट उठणारच. एक्स्टर्नल स्ट्रोबला, म्हणजे कॅमेरा सेन्सर स्वतःच्या पिनवरून फ्लॅश पेटवतो तेव्हा, मात्र तो दिसला तर विचारा, सेन्सरची पल्स इतकी लांब का?

फ्लॅशची आज्ञा दिल्या दिल्या फ्लॅग वाचून ‘सगळं ठीक’ म्हणू नका. या चिपचा टायमर ४०० मिलिसेकंदांपर्यंत जातो. आधी फ्लॅश संपू द्या.

सगळे फॉल्ट एकदम आले, वाचन २५५, तर चिप जळलेली नाही. बस बोलत नाहीये आणि तुम्ही एरर कोड न तपासता बाइट वापरलाय. बसच्या तारा वर खेचणारे पुल-अप रोधक बघा, चिप चालू करणारी हार्डवेअर इनेबलची पिन बघा.

करंट लिमिटचा फ्लॅग आला तरी चिप बंद पडत नाही, उजेड कमी पडतो. लिमिट १.९ वर आहे की २.८ अँपिअरवर ते बघा, मग इंडक्टरचं सॅच्युरेशन, म्हणजे करंट फार झाल्यावर त्याचं इंडक्टन्स ढासळतंय का ते.

टेबलावर लांब, बारीक वायरी आणि मगरचिमटे लावून ‘बॅटरी फॉल्ट येतोय’ म्हणू नका. वायरीचा रोध ०.३ ओहम धरा, करंट १.६ अँपिअर, जवळजवळ अर्धा व्होल्ट तिथेच गेला. मी वीतभर जाड वायर वापरतो, हसायचं त्यांनी हसावं.

आणि एक चूक जिच्यावर मी खरंच चिडतो: लूपमध्ये रिट्राय, म्हणजे फॉल्ट आला की न थांबता पुन्हा पुन्हा प्रयत्न. आतलं तापमान १५० अंशांवर गेलं की चिप स्टँडबायमध्ये जाते आणि फ्लॅग वाचल्याशिवाय पुन्हा चालू होऊ देत नाही. यामागे विचार आहे. तो विचार मोडायला घाईवाले काय करतात? फ्लॅग वाचला, पुसला, लगेच इनेबल. पुन्हा वाचला, पुन्हा इनेबल. फोटो आला पाहिजे ना! चिप अजून गरम असेल तर ती पुन्हा झोपते आणि तुमचा लूप तिला पुन्हा उठवतो. तापाने फणफणलेल्या माणसाला दर मिनिटाला हलवून ‘बरं वाटतंय का?’ विचारण्यातला प्रकार. माझ्या कोडमध्ये तापमानाचा फॉल्ट आला की फ्लॅश दहा सेकंद बंद, शॉर्ट आला तर पुढच्या रीबूटपर्यंत बंद. दहाच का, असं विचाराल तर त्याला शास्त्र नाही. एकदा पाच ठेवले होते आणि एलईडीवरची लेन्स पिवळी पडली होती.