वणव्यात जळलेल्या झाडाच्या कोळशाची शाई कशी करायची

फेब्रुवारी-मार्चात सड्यावरचं, म्हणजे कोकणातल्या कातळाच्या पठारावरचं, गवत वाळून कडकडीत होतं, कुणीतरी विडी टाकतं नाहीतर भाजावळीची (पेरणीआधी शेत भाजण्याची) आग वाऱ्याने हाताबाहेर जाते आणि दुपारपर्यंत काजूची अख्खी बाग काळी. आमची पण अशीच गेली, 15 वर्षं जपलेली कलमं. तेव्हापासून मी एकच करतो, ज्या झाडाचा कोळसा त्याच झाडाचं चित्र.

आधी 4-5 दिवस थांबा. वरून राख गार वाटते पण बुंध्यात आणि मुळांत धग असते. जाताना बूट आणि मास्क हवाच. बाग दुसऱ्याची असेल तर विचारून घ्या, वनखात्याच्या जागेतून काही उचलू नका. अर्धवट जळलेल्या काजूबियांना हात लावायचा नाही, टरफलातल्या तेलाने कातडी भाजते.

बोटाएवढ्या काटक्या घ्या, काजू, आईन, करवंद सगळं वेगवेगळ्या पिशवीत, वर नाव लिहून. काटकी मोडून बघा, आत तपकिरी दिसली तर ती कच्ची, सोडून द्या. पक्का कोळसा हलका असतो आणि टिचकी मारली की किणकिणतो.

तो खलबत्त्यात थोडं पाणी शिंपडत कुटा म्हणजे धूळ उडत नाही, मग वाळवून जुन्या मलमलीतून चाळा. 2 चमचे बाभळीचा डिंक 4 चमचे गरम पाण्यात रात्रभर भिजवून गाळा. आता दोन्ही एकत्र करून काचेवर किंवा पाट्यावर निदान अर्धा तास घोटा, इथे घाई केलीत तर शाई दाणेदार येते. एक रेघ ओढून वाळू द्या. बोटाला काळं लागलं तर डिंक कमी पडलाय, रेघ चकाकून तडकली तर जास्त झालाय, मग पाणी आणि कोळसा वाढवा. बुरशी येऊ नये म्हणून बाटलीत एक लवंग टाका.

लाल रंग पाहिजे तर जांभ्याची माती अशीच चाळून घोटायची. ब्रश म्हणून मी नारळाच्या सोडणाचा काथ्या काडीला बांधतो, जाड कागद नसेल तर पोफळीची विरी (सुपारीच्या झावळीच्या बुडाचं रुंद पान) पण चालते.

चित्र अर्ध्याच भागात काढा, मागे झाडाचं नाव, जागा, तारीख लिहा. पाऊस पडला की त्या बुंध्याकडे परत जा, फुटवा आला असेल तर उरलेल्या शाईने तो शेजारी काढायचा.