‘पहिली कार्मेन’ एवढ्यावर थांबू नका: गाली-मारिएची कारकीर्द रोजच्या वर्तमानपत्रांतून कशी मांडावी

मी पस्तीस वर्षं रेल्वेच्या कार्यालयात वेळापत्रकाच्या कामात काढली. गाडी कुठून सुटली, कुठे किती थांबली, कोणत्या दिवशी धावलीच नाही, हे कागदावर दिसल्याशिवाय ती गाडी धावली असं मला वाटतच नाही. निवृत्तीनंतर फ्रेंच शिकले, आणि वाचता वाचता सेलेस्टीन गाली-मारिए हे नाव समोर आलं. जिथे तिथे तिच्याबद्दल एकच ओळ होती: ३ मार्च १८७५ रोजी पॅरिसच्या ऑपेरा-कॉमिक नाट्यगृहात संगीतकार बिझेच्या ‘कार्मेन’ या ऑपेरात कार्मेनची भूमिका पहिल्यांदा हिने केली. त्याआधी सोळा वर्षं आणि त्यानंतर पंधरा वर्षं ही बाई रंगमंचावर उभी होती, त्याचं काय? त्या वर्षांची मी नोंदवही केली. एकोणिसाव्या शतकातल्या कुठल्याही फ्रेंच गायिकेची तशी वही करता येते. ती कशी करायची ते सांगते.

आधी ‘ऑपेरा-कॉमिक’ या शब्दाचा अर्थ नीट समजून घ्या. हे त्या नाट्यगृहाचं नाव आहे, तसंच एका नाट्यप्रकाराचंही. कॉमिक म्हणजे विनोदी, असं धरून चाललात तर पहिल्याच पानावर घोटाळा होईल. ‘कार्मेन’चा शेवट खुनाने होतो, तरी ती ऑपेरा-कॉमिकच. या प्रकारात गाण्यांच्या मधे गद्य संवाद असतात, हीच त्याची खूण. आपल्या संगीत नाटकात गद्य आणि पदं असतात तशीच ही वीण. म्हणून इथल्या गायिकेला बोलता यायला हवं, उभं राहता यायला हवं, भांडता यायला हवं. गाली-मारिएवरची परीक्षणं वाचताना हे ध्यानात ठेवा. समीक्षक तिच्या गळ्याइतकंच, कधी गळ्याहून जास्त, तिच्या अभिनयाबद्दल लिहितात.

वहीत एका संध्याकाळीला एक ओळ द्या. रकाने सात पुरतात: तारीख, शहर, नाट्यगृह, कृती, भूमिका, कशावरून, आणि शंका. ‘कशावरून’ हा रकाना सगळ्यात मोलाचा. त्यात तीनच शब्द लिहायचे: जाहिरात, परीक्षण किंवा आठवण. जाहिरात म्हणजे त्या दिवशी काय होणार होतं. परीक्षण म्हणजे काय झालं. आठवण म्हणजे कुणीतरी वीस-तीस वर्षांनी सांगितलेलं. या तिघांना एकाच मापाने तोलू नका.

वर्तमानपत्रं फ्रान्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या ‘गॅलिका’ या संकेतस्थळावर फुकट वाचता येतात. ‘ल फिगारो’ (१८६६ पासून दैनिक) आणि ‘ल गोल्वा’ (१८६८ पासून) ही दैनिकं तिथे आहेत, आणि संगीताला वाहिलेलं त्या काळचं ‘ल मेनेस्त्रेल’ हे साप्ताहिक. दैनिकात आतल्या किंवा शेवटच्या पानावर ‘स्पेक्ताक्ल’ नावाचं एक बारीक टायपातलं सदर असतं. आज कुठल्या नाट्यगृहात काय आहे, याची ती यादी. मी सुरुवात तिथून केली आणि तुम्हीही तिथूनच करा. परीक्षणं वाचायला रंजक असतात, पण ती पहिल्या प्रयोगाची असतात. बाविसाव्या प्रयोगाला कोण गायलं, हे सांगणारी जागा म्हणजे हे सदर आणि त्याच्या आसपासच्या दोन-चार ओळींच्या बातम्या.

यादीत नाव आहे म्हणून प्रयोग झाला असं मात्र समजू नका. गायिकेची प्रकृती बिघडली की ऐन वेळी नाटक बदलायचं. दुसऱ्या आणि तिसऱ्या दिवसाचा अंक उघडून बघा. काही शब्द पाठ करून ठेवले की काम भराभर होतं. ‘रलाश’ म्हणजे आज प्रयोग नाही. ‘रप्रीझ’ म्हणजे जुनी कृती पुन्हा मंचावर आणली. ‘क्रेआसिओं’ म्हणजे ती भूमिका जगात पहिल्यांदा याच कलाकाराने केली. ‘राँत्रे’ म्हणजे सुट्टीनंतर किंवा दुसऱ्या शहरातून परत आल्यावरचा पहिला प्रयोग, आणि हा शब्द दिसला की मागे एक मोकळी जागा आहे असं ओळखावं. त्या काळात ती कुठे होती, हे शोधायला लागायचं.

आता नावाचं प्रकरण. माझे सगळ्यात जास्त दिवस यातच गेले. तिचं माहेरचं नाव मारिए द लील. वडील मेसेन मारिए द लील हे स्वतः गायक. १८४० मध्ये दोनिझेत्तीच्या ‘ला फिय द्यु रेजिमाँ’मध्ये टोनिओची भूमिका पहिल्यांदा त्यांनीच केली, ऑपेरा-कॉमिकच्याच मंडळीत. मुलीला गाणं शिकवलं तेही त्यांनीच. गाली हे तिच्या नवऱ्याचं नाव. तो शिल्पकार होता, लवकर वारला, आणि तिने ते नाव आपल्या नावापुढे कायमचं ठेवलं. सुरुवातीच्या वर्षांत ती नुसती ‘मारिए’ म्हणूनही सापडू शकते. पण तिच्या दोन बहिणी, इर्मा आणि पाओला, याही गायिका होत्या. पाओलाने तर पुढे न्यूयॉर्कमध्ये ऑपेरेटा गाजवल्या. माझ्या वहीत एकदा पाओलाच्या काही संध्याकाळी सेलेस्टीनच्या नावावर चढल्या. एकाच आठवड्यात तीच बाई अटलांटिकच्या दोन्ही काठांवर गाताना दिसली तेव्हा चूक कळली. त्या दिवसापासून ‘मारिए’ एवढंच नाव असेल तर मी ओळ पेन्सिलीने लिहिते, आणि पूर्ण नाव किंवा भूमिका जुळली तरच शाईने.

शोध रोमन लिपीतच द्यावा लागेल. जोडरेघेसह, जोडरेघेविना, शेवटच्या अक्षरावरच्या खुणेसह आणि खुणेविना, असे चारही प्रकार करून बघा. जुन्या छापाचं यंत्राने केलेलं वाचन ती खूण हमखास गाळतं.

दुसरा सापळा त्याहून चमत्कारिक. फ्रेंच नाट्यगृहांत भूमिकांचे साचे ठरलेले असत आणि त्यांना जुन्या कलाकारांची नावं पडली होती. ‘द्युगाझों’ हे अठराव्या शतकातल्या लुईझ द्युगाझोंचं नाव. ती गेली १८२१ मध्ये, पण गावोगावच्या मंडळ्यांत पुढे कितीतरी वर्षं ‘एक द्युगाझों’ असायची. तसाच गाली-मारिएचाही साचा झाला, म्हणजे अभिनयाची धार असलेला, मधल्या पट्टीचा स्त्री-आवाज. त्यामुळे प्रांतातल्या एखाद्या अंकात ‘गाली-मारिए’ दिसली तर ती बाई तिथे आली होती, की मंडळीत त्या जातीची गायिका होती, ते आधीचं वाक्य वाचून ठरवा. जिवंतपणीच आपलं नाव एका कामाचं नाव व्हावं, याहून मोठी दाद मला माहीत नाही.

जन्मवर्षावर अडून बसू नका. जुने कोश तिचा जन्म नोव्हेंबर १८४० मधला देतात, तर अलीकडच्या नोंदी मार्च १८३७ सांगतात. हा घोळ पॅरिसच्या बहुतेक कलाकारांच्या बाबतीत भेटेल, आणि त्यामागे मोठं कारण आहे. मे १८७१ मध्ये कम्यूनच्या, म्हणजे पॅरिसमधल्या उठावाच्या, अखेरीला पॅरिसचं नगरभवन आणि न्यायालयाची इमारत जळली. जन्म-मृत्यूच्या नोंदींची एक प्रत एकीकडे होती, दुसरी दुसरीकडे. १८६० च्या आधीच्या दोन्ही प्रती गेल्या. नंतर लोकांकडच्या कागदांवरून काही भाग पुन्हा उभा केला, सगळा नाही. दोन्ही वर्षं शंकेच्या रकान्यात लिहा आणि पुढे चला. रंगमंचावरची वर्षं मात्र छापील आहेत, ती जळलेली नाहीत.

ती वर्षं अशी लागतात. १८५९ मध्ये स्ट्रासबुर्गला पदार्पण. मग तुलूझ. १८६१ मध्ये लिस्बन, तिथे इटालियनमधून गाणं. १८६२ च्या वसंतात रूआँ शहरात बाल्फच्या जिप्सी मुलीच्या ऑपेराचा फ्रेंच अवतार झाला, त्यात ती होती. ऑपेरा-कॉमिकचे संचालक एमील पेराँ यांनी तिला तिथे पाहिलं आणि करार केला. ऑगस्ट १८६२ मध्ये पेर्गोलेझीच्या ‘ला सेर्व्हांत मेत्रेस’मधली सेरपीना करून ती पॅरिसच्या प्रेक्षकांपुढे आली. रूआँच्या दैनिकाचे जुने अंक तिथल्या जिल्हा अभिलेखागाराने संगणकावर आणले आहेत. ही गोष्ट सगळ्याच शहरांना लागू पडते: राष्ट्रीय ग्रंथालयात नाही मिळालं तर त्या जिल्ह्याचं अभिलेखागार बघा.

यानंतर पॅरिसमधल्या भूमिका क्रमाने लावताना एक गोष्ट माझ्या डोळ्यांपुढे आली, जी कुठल्याही एका लेखातून आली नसती. १८६४ मध्ये मायारच्या ‘लारा’त ती कालेद झाली, म्हणजे सेवकाच्या वेषात वावरणारी स्त्री. १८६७ मध्ये ऑफेनबाखच्या ‘रॉबिन्सन क्रूसो’त चक्क फ्रायडे. जानेवारी १८७२ मध्ये ऑफेनबाखच्याच ‘फँतासिओ’त नायक, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये मासनेच्या ‘दों सेझार द बाझाँ’मध्ये लाझारीय हा पोरगा. या चौघांच्या मधे, १७ नोव्हेंबर १८६६ ला, तोमाची मिन्यों आहे, जिला जिप्सींनी पळवून नेलं होतं ती मुलगी, आणि तीही काही काळ मुलाच्या पोशाखात. भूमिकेचा रकाना वरून खाली वाचत आले आणि कार्मेनपाशी थांबले, तेव्हा बिझेला हीच गायिका का मिळाली ते मला उमगलं. सभ्य तरुणीसारखं नाजूक चालणं तिच्या भूमिकांत जवळजवळ नव्हतंच. म्हणून रकाने आडवे भरा, पण वाचा उभे.

‘मिन्यों’ची वही भरायला धीर लागतो, कारण तिचे प्रयोग संपतच नाहीत. पुढच्याच उन्हाळ्यात शंभरावा प्रयोग झाला. मग १८७०-७१ च्या मधे ओळीच नाहीत. घाबरू नका, अंक हरवलेले नाहीत. प्रशियाशी युद्ध, पॅरिसला वेढा आणि पाठोपाठ कम्यून. रिकाम्या जागेत कारण लिहा.

‘कार्मेन’पाशी आलात की हात आखडता घ्या, कारण इथे आठवणींचा पूर आहे. हबानेरा, म्हणजे कार्मेनचं प्रवेशाचं गाणं, तिच्यासाठी तेरा वेळा बदलला असं सांगतात. ती ‘आठवण’. त्याची चाल सेबास्तियान इराडिएरच्या गाण्यावरून आली; ती एका स्पॅनिश गाण्यावरून घेतली आहे, एवढं मात्र छापील स्वरलिपीतल्या टीपेतच आहे. बिझे ३ जून १८७५ च्या पहाटे पॅरिसजवळच्या बूजिवाल इथे वारला. आदल्या रात्री पत्त्यांतून भविष्य बघण्याच्या प्रवेशात गाली-मारिएला मृत्यूची चाहूल लागली आणि विंगेत येताच तिची शुद्ध हरपली, ही कथा तुम्हाला दहा ठिकाणी मिळेल. मला ती कथा आवडते, खोटी म्हणवत नाही. पण वहीत तिचे दोन भाग करा. २ जूनला प्रयोग होता का, हे दैनिकातून ठरवा. शुद्ध हरपल्याचं कोण सांगतंय आणि किती वर्षांनी, ते शेजारी लिहा.

परीक्षणं जोडीने उतरवा. ‘ल सिएक्ल’मध्ये ऑस्कर कोमेताँने तिच्या कंबर हलवण्यावर इतकं कडवट लिहिलं की ते वाचून आजही कानशिलं तापतात. ‘ल नास्योनाल’मध्ये कवी तेओदोर द बाँव्हीलने त्याच कलाकृतीची पाठ थोपटली. दोघांनी पाहिलं एकच. पहिल्या फेरीत, १८७६ च्या आरंभापर्यंत, अठ्ठेचाळीस प्रयोग झाले. ‘पडली’ म्हणतात ती कृती अठ्ठेचाळीस संध्याकाळी उभी होती, आणि त्यातली प्रत्येक संध्याकाळ एका बाईने अंगावर घेतली होती.

पॅरिसमध्ये ती कृती बंद पडल्यावर गाली-मारिएने ती बाहेर नेली. १८७९ पासून इटलीत, १८८१ मध्ये बार्सिलोनात, १८८६ मध्ये लंडनला. इथे पॅरिसची दैनिकं अपुरी पडतात, त्या त्या शहरातली वाचावी लागतात. एप्रिल १८८३ मध्ये ऑपेरा-कॉमिकने ‘कार्मेन’ परत आणली तेव्हा मुख्य भूमिका आदेल इझाकला दिली होती. ऑक्टोबरमध्ये ‘राँत्रे’ हा शब्द पुन्हा आला आणि गाली-मारिए परतली. मी त्या ओळीखाली लाल रेघ मारली आहे.

२५ मे १८८७ ला साल फाव्हार ही ऑपेरा-कॉमिकची इमारत जळाली. त्या रात्री मंचावर ‘मिन्यों’ चालू होती. त्यानंतर ऑपेरा-कॉमिक प्लास द्यु शातलेला हललं, तेव्हा नाट्यगृहाच्या रकान्यात तो बदल करायला विसरू नका.

१८७५ पासून पुढच्या वर्षांसाठी एदुआर नोएल आणि एदमों स्तुलिग यांची वार्षिकं हाताशी ठेवा. वर्षभरात कोणती कृती किती वेळा झाली याचे आकडे त्यांत असतात. तुमच्या ओळींची बेरीज त्या आकड्याशी जुळली नाही तर एखादा ‘रलाश’ तुमच्या नजरेतून सुटलेला असतो.

माझ्या वहीतली शेवटची ओळ ११ डिसेंबर १८९० ची आहे. बिझेच्या स्मारकासाठी निधी जमवायचा होता, म्हणून ‘कार्मेन’चा प्रयोग होता. दों होझे झाला जाँ द रेश्के, एस्कामिओ झाला लासाल, मिकाएला नेली मेल्बा. कार्मेनच्या जागी गाली-मारिए. कशावरून: परीक्षण. शंका: नाही. लिस्बनचं पान अजून जवळजवळ कोरं आहे, आणि सध्या मी १८६१ ची पोर्तुगीज दैनिकं वाचायला शिकते आहे.