आधी हवा वजा करा, मग पाण्याचा रंग वाचा

समुद्रावरून उपग्रहापर्यंत पोचणाऱ्या निळ्या प्रकाशात साधारण ९० टक्के वाटा हवेचाच असतो. हवेच्या रेणूंचा भाग सूर्याचा कोन आणि हवेचा दाब यांवरून गणिताने निघतो. धूळ-धूर मात्र रोज बदलतात. स्वच्छ पाणी ८६५ नॅनोमीटर तरंगलांबीला, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त प्रकाशात, जवळपास काळं दिसतं. तिथे उरलेला उजेड धुळीचा धरा आणि त्यावरून निळ्या पट्ट्यातल्या धुळीचा अंदाज बांधा.

मी नाशिकचा, सराव गंगापूर धरणावर केला. आपण समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंच, म्हणून दाब कमी धरला. तरी पावसाळ्यानंतरच्या चित्रात निळ्याचे आकडे उणे आले! गोदेचं पाणी दुधाळ चहासारखं. गाळ ८६५ लाही चमकतो, आणि मी त्यालाच धूळ समजून वजा केलं होतं. गढूळ पाण्याला १६०० नॅनोमीटरजवळचा पट्टा घ्या, तिथे गाळही जवळपास काळाच दिसतो.