खोकताना, शिंकताना लघवी गळते? आधी प्रकार ओळखा, मग उपाय करा

लघवी गळायला लागली की बहुतेक जणी दोनच गोष्टी करतात: पॅड लावतात आणि पाणी कमी पितात. पॅडने कपडे वाचतात, दुखणं तसंच राहतं. पाणी कमी प्यायल्याने तर त्रास वाढतोच. लघवी दाट होते, मूत्राशयाला आतून झोंबते आणि घाई जास्त होते. त्यात बद्धकोष्ठ झालं तर भरलेल्या आतड्याचा दाब मूत्राशयावर येतो. बाळंतपणानंतर किंवा वयामुळे हे व्हायचंच, असं समजून गप्प बसू नका. यातला बराच त्रास गोळी किंवा शस्त्रक्रियेशिवाय आटोक्यात येतो. फक्त आपली लघवी कशामुळे गळते हे आधी कळायला हवं.

प्रकार कसा ओळखायचा

खोकला, शिंक, हसणं, उडी किंवा जड वस्तू उचलणं, त्याच क्षणी थेंब किंवा पिचकारी येते आणि आधी लघवी लागल्याची जाणीव नसते, तर तो दाबामुळे होणारा प्रकार. मूत्रमार्गाला खालून आधार देणारे स्नायू आणि पडदे बाळंतपणात ताणले जातात. पाळी गेल्यावर, वजन वाढल्यावर किंवा जुन्या खोकल्यामुळे हा आधार आणखी सैल पडतो.

दुसऱ्या प्रकारात लघवीची जोराची कळ आधी येते आणि संडासापर्यंत पोचेपर्यंत धीर निघत नाही. दाराच्या कुलपात किल्ली घालताना किंवा नळाचं पाणी वाहताना ऐकलं की हमखास घाई होते. इथे आधार बरा असूनही मूत्राशय भरण्याआधीच त्याचा स्नायू आकुंचन पावतो. अनेकींना दोन्ही त्रास एकत्र असतात. मग जो जास्त सतावतो त्याच्यापासून सुरुवात करायची.

लघवी करूनही पूर्ण झाल्यासारखं वाटत नाही, धार बारीक आहे आणि थेंब थेंब गळत राहतं, तर मूत्राशय पूर्ण रिकामं होत नसेल. अशा वेळी घरचे प्रयोग न करता सोनोग्राफीत लघवीनंतर किती उरते ते बघून घ्या.

तीन दिवसांची नोंद

एक मापाचं भांडं आणि वही घ्या. सलग ३ दिवस वेळ, किती मिली लघवी झाली, काय आणि किती प्यायलात, कधी गळली आणि तेव्हा काय करत होतात, हे लिहा. दिवसा ७-८ वेळा आणि दर खेपेला २५० ते ४०० मिली हे साधारण प्रमाण. प्रत्येक वेळी जेमतेम ८०-१०० मिली होत असेल तर मूत्राशय घाई करतंय. २४ तासांची बेरीज ३ लिटरच्या आसपास किंवा वर गेली तर किती पिता ते पाहा आणि रक्तातली साखर तपासा. ही वही डॉक्टरांना दाखवली की निम्मं निदान तिथेच होतं.

ओटीपोटाच्या तळाचे स्नायू

मूत्रमार्गाला आधार देणारे हे स्नायू आवळून सोडण्याचा व्यायाम बऱ्याच जणींना माहीत असतो, पण चुकीचा केला जातो. म्हणून सावकाश वाचा.

गुडघे वाकवून उताणं झोपा. गॅस रोखायचा आहे आणि त्याच वेळी लघवीही थांबवायची आहे, अशा रीतीने आत आणि वर ओढा. मांड्या, कुल्ले आणि पोटाचा वरचा भाग सैल हवा, श्वास चालू हवा. खात्री करायची तर स्वच्छ बोट योनीमार्गात ठेवा: बोटाभोवती पकड येऊन ते वर ओढल्यासारखं वाटलं तर बरोबर. बोट बाहेर ढकललं जात असेल तर तुम्ही जोर लावताय. तसाच व्यायाम महिनोन्‌महिने केला तर आधार आणखी सैल पडेल. पकड सापडतच नसेल तर या विषयातल्या फिजिओथेरपिस्टकडून एकदा शिकून घ्या.

सुरुवातीला ३ सेकंद धरा, तितकंच सैल सोडा. सोडणंही तितकंच महत्त्वाचं. हळूहळू १० सेकंदांपर्यंत जा. एका वेळी ८ ते १०, शेवटी तितकेच झटपट आवळून सोडायचे, दिवसातून ३ वेळा. आधी झोपून, मग बसून, मग उभ्याने, कारण लघवी गळते ती उभं असतानाच. किमान ३ महिने नेटाने करा. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात फरक नाही म्हणून सोडून देणाऱ्या खूप असतात, आणि तिथेच नुकसान होतं.

शिंक येतेय असं वाटताच, ती येण्याआधी स्नायू आवळा आणि शिंक संपेपर्यंत धरून ठेवा. वजन उचलतानाही तसंच. मात्र लघवी करताना मध्येच धार तोडण्याचा सराव करू नका, मूत्राशय नीट रिकामं होत नाही. ओटीपोटात किंवा संबंधाच्या वेळी दुखत असेल तर स्नायू आधीच आखडलेले असू शकतात, तेव्हा तपासणीआधी आवळण्याचा व्यायाम नको.

घाई होत असेल तर

कळ आली की पळू नका. थांबा, शक्य असेल तर बसा, ५-६ वेळा झटपट आवळा, मन दुसरीकडे वळवा. कळ लाटेसारखी चढते आणि उतरते. उतरल्यावर सावकाश चालत जा. सध्या तासाभराने जावं लागत असेल तर आठवड्याला १५ मिनिटं वाढवत अडीच-तीन तासांपर्यंत या. किमान ६ आठवडे द्या. ‘बाहेर पडतेय, जाऊन येते’ ही सवय सोडा, त्याने मूत्राशय थोडक्यातच भरल्याची खूण द्यायला शिकतं.

चहा-कॉफी कमी करा. दिवसभरात दीड ते दोन लिटर प्या, झोपण्याआधीचे दोन-तीन तास कमी प्या. वजन जास्त असेल तर ५ ते १० टक्के उतरलं तरी गळणं कमी होतं.

डॉक्टरांकडचे उपाय

आधी लघवीची तपासणी, कारण जंतुसंसर्गानेही घाई होते. चालू औषधं सांगा. लघवी वाढवणाऱ्या आणि रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी गळणं वाढतं. घाईसाठी सोलिफेनासिन, टोल्टेरोडिनसारख्या गोळ्या चालतात. तोंड कोरडं पडतं, बद्धकोष्ठ होतं आणि उतारवयात गोंधळल्यासारखं होऊ शकतं. मिराबेग्रॉनने तोंड कमी सुकतं, पण रक्तदाब आवाक्यात हवा. पाळी गेल्यानंतर योनीमार्गात लावायचं इस्ट्रोजेनचं मलम घाईला उपयोगी पडतं. गोळ्यांनी भागलं नाही तर मूत्राशयात बोटॉक्सचं इंजेक्शन देतात. त्यानंतर काही जणींना काही काळ नळीने लघवी काढावी लागते, हे आधी विचारून घ्या.

दाबाच्या प्रकारात योनीमार्गात आधाराची रिंग, किंवा मूत्रमार्गाखाली पट्टी बसवण्याची शस्त्रक्रिया. पट्टी जाळीची की स्वतःच्या शरीरातल्या पडद्याची, तिचे धोके काय, हे स्पष्ट विचारा. आणखी मूल हवं असेल तर शस्त्रक्रिया शक्यतो पुढे ढकला.

लघवीत रक्त, ताप आणि पाठीत दुखणं, अंग बाहेर येणं, किंवा बाळंतपण वा गर्भाशयाच्या शस्त्रक्रियेनंतर रात्रंदिवस सतत गळणं, यांपैकी काही असेल तर आधी डॉक्टर, मग व्यायाम. लघवी अचानक पूर्ण तुंबली, किंवा जांघेत बधिरपणा येऊन पायातली ताकद गेली, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा.