व्हरांड्यातील भेकाची नजर कशी तपासावी

पुण्यात पाऊस स्थिरावला की सोसायट्यांच्या बागांत आणि टेकड्यांच्या पायथ्याशी असलेल्या घरांच्या व्हरांड्यांत, रात्री दिव्याखाली किडे टिपणारे भेक दिसू लागतात. अंगभर काळ्या टोकांच्या पुटकुळ्या असलेल्या या प्राण्याला आपण सरसकट बेडूकच म्हणतो. हलणाऱ्या वस्तूला त्याची नजर कसा प्रतिसाद देते, हे त्याला न पकडता घरच्या घरी पाहता येते.

अप्पा बळवंत चौकात मिळणारा काळा कार्डपेपर घेऊन त्याची ३ मिमी रुंद आणि २० मिमी लांब पट्टी कापावी व ती पारदर्शक प्लॅस्टिकच्या लांब पट्टीच्या टोकाला चिकटवावी. दोऱ्याला टांगलेली पट्टी झोके घेते आणि सगळी मोजदाद बिघडवते, म्हणून दोरा टाळावा. भेकापासून २० सेंमी अंतरावर ३.५ मिमी म्हणजे त्याच्या नजरेत साधारण एक अंशाचा कोन, हे गणित वहीच्या पहिल्याच पानावर लिहून ठेवावे. पुढे ते वारंवार लागते.

बसण्याची जागा निवडताना दिवा आणि भेक यांच्यामध्ये येऊ नये. याला कारण आहे. १९५९ साली लेटविन, मॅटुराना, मॅककुलक आणि पिट्स यांनी बेडकाच्या डोळ्याकडून मेंदूकडे जाणाऱ्या चेतातंतूंचे संकेत टिपले, तेव्हा त्यांना चार प्रमुख प्रकार आढळले: स्थिर कडा ओळखणारे, लहान व गोलसर कडेची गडद वस्तू हलली की पेटून उठणारे, सरकत्या कडेला प्रतिसाद देणारे आणि उजेड एकदम कमी झाला की जागे होणारे. आपली सावली पडली की या चौथ्या प्रकाराला निमित्त मिळते आणि प्रयोग सुरू होण्याआधीच बिघडतो. म्हणून दहा मिनिटे निश्चल बसावे.

आता पट्टी आडवी धरून तिच्या लांबीच्याच दिशेने, सेकंदाला तीन-चार सेंमी वेगाने, म्हणजे सुमारे दहा अंशांनी, भेकासमोरून सरकवावी. नंतर तीच पट्टी उभी करून त्याच दिशेने, त्याच वेगाने न्यावी. यात आकार, रंग आणि वेग तेच राहतात. बदलते ती फक्त पट्टीची ठेवण, आणि या प्रयोगाचे सारे मोल त्यातच आहे. जर्मन संशोधक योर्ग-पेटर एव्हर्ट यांना युरोपातील भेकांत असे आढळले की आडवी पट्टी भेकाला किड्यासारखी खुणावते, तर उभ्या पट्टीकडे तो बहुधा पाठ फिरवतो किंवा अंग आखडून घेतो. भेक पट्टीकडे किती वेळा वळतो, एवढेच मिनिटागणिक मोजावे. एव्हर्ट यांचे मापही हेच होते. जीभ फेकण्याची वाट पाहू नये आणि तो वळताच पट्टी बाजूला घ्यावी, म्हणजे त्याच्या तोंडात कागद जाणार नाही. मधूनमधून पट्टी स्थिर ठेवून पाहावी. बहुधा तो तिच्याकडे ढुंकूनही पाहणार नाही.

येथे घाईने निष्कर्ष काढण्याचा मोह होतो, आणि तो आवरावा. आडव्या-उभ्या पट्टीतील निवड केवळ दृष्टिपटलात, म्हणजे डोळ्यातील प्रकाश टिपणाऱ्या पडद्यात, होत नाही. मध्यमेंदूच्या टेक्टम या भागातील काही चेतापेशी भेकाच्या निवडीशी जुळणारा प्रतिसाद देतात आणि शेजारच्या दुसऱ्या भागाकडून त्यांना लगाम बसतो. तो भाग निकामी केलेला भेक, एव्हर्ट यांच्या प्रयोगात, हलणाऱ्या जवळपास कोणत्याही वस्तूवर, अगदी प्रयोगकर्त्याच्या हातावरही, झडप घालू लागला. त्यामुळे ‘भेकाच्या डोळ्याने पट्टी ओळखली’ असे न लिहिता ‘भेक पट्टीकडे वळला’ एवढेच लिहावे.

दृष्टिपटलाचे स्वतःचे काम समजून घ्यायचे असेल, तर १९५९ च्याच संशोधनातील एक युक्ती उसनी घ्यावी. लेटविन आणि सहकाऱ्यांनी गवत-फुलांचे रंगीत चित्र बेडकासमोर हलवले तेव्हा गोलसर कडा टिपणारे तंतू गप्प राहिले; त्याच चित्रावर माशीएवढी वस्तू लोहचुंबकाने एकटीच सरकवली तेव्हा ते जोरात बोलू लागले, आणि वस्तूसह सारे चित्र हलवले तेव्हा पुन्हा शांत झाले. घरी पुठ्ठ्यावर गवताचे चित्र लावून, मागे लोहचुंबक आणि पुढे काळा रंग दिलेला छोटा लोखंडी वॉशर ठेवून हे तीनही प्रकार करता येतात. आपल्याला अर्थातच तंतूंचे संकेत ऐकू येणार नाहीत, फक्त मान आणि अंग वळताना दिसेल.

एका रात्री दहा-बारा फेऱ्यांपेक्षा जास्त करू नयेत. तेच चित्र त्याच जागी पुन्हा पुन्हा दाखवले की भेकाला त्याची सवय होते आणि त्याचे गप्प बसणे आपण चुकून नकार समजतो; पोट भरलेला भेकही असाच फसवतो. आडवी आणि उभी पट्टी यांचा क्रम दरवेळी बदलावा आणि दोन फेऱ्यांत काही मिनिटे जाऊ द्यावीत. त्याच्या डोळ्यांमागच्या ग्रंथींत विष असते, म्हणून त्याला हात लावू नये, आणि त्याने अंग फुगवले तर त्या रात्रीपुरते साहित्य गोळा करून आत निघून जावे.