दिव्यांच्या अवसेची तयारी

आषाढ सरता सरता दिव्यांची अवस येते. समया, निरांजनं, लामणदिवा चिंचेने घासून पाटावर मांडायचे, कणकेचे गोड दिवे उकडायचे, ही तयारी सगळ्यांच्या घरी असते. आमच्या पाटावर गेली काही वर्षं एक १६० वॅटचा बल्बही असतो. त्यालाही हळदकुंकू लागतं आणि पूजा झाली की तो गच्चीवर जातो. आमच्याकडे ही पतंग, म्हणजे रात्री दिव्यावर येणारे मॉथ, बघायची रात्र. या वर्षी चार-पाच जण पहिल्यांदाच येणार आहेत आणि प्रत्येकाने विचारलंय, येताना काय आणू? म्हणून हे सविस्तर लिहिते आहे. कराड-सांगलीकडे ज्यांना आपापल्या घरी करून बघायचंय, त्यांनाही यातलं बरंचसं चालेल.

आधी तिथी. चांदण्यात दिव्याचा जोर कमी पडतो. पौर्णिमेच्या आसपास तोच बल्ब आणि तीच गच्ची असून दिव्यामागे ताणलेल्या पांढऱ्या चादरीवर मोजके पतंग बसतात; अवसेच्या मागेपुढे चार दिवस चादर भरून जाते. त्यातली एखादी दमट, ढगाळ, उबदार आणि वारा पडलेली रात्र साधली तर सोनंच. पाऊस नुकता थांबलेला असावा. वारा मात्र अजिबात चालत नाही. चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्या कशासाठी उभ्या केल्यात ते आठवा आणि तिथे चादर बांधायचा विचार सोडा. कास, बामणोली, ठोसेघर ही नावं ऐकून पाय शिवशिवतात हे खरं, पण आषाढात तिकडे दिव्याचा उजेड धुक्यातून दहा पावलं जात नाही. एकाच सातारा जिल्ह्यात महाबळेश्वरला वर्षाला ५,००० मिलिमीटरच्या वर पाऊस आणि माण-खटावला त्याचा जेमतेम दहावा हिस्सा, ही आपल्याकडची मोठी सोय आहे. आषाढात शहरातली गच्ची किंवा पूर्वेकडचं शिवार धरावं, भाद्रपद-आश्विनात पाऊस ओसरला की घाटाकडे जावं.

घाटाकडे जाणार असाल तर परवानगीचं आधी बघा. कोयना, चांदोली, सागरेश्वर, कासचं पठार अशा ठिकाणी वन खात्याच्या परवानगीशिवाय रात्री जायचंच नाही, दिवा तर लांबच. ओळखीच्या माणसाचं अंगण किंवा खासगी रान सगळ्यांत चांगलं. तिथेही सरपंचांना आणि पोलीस पाटलांना दिवसाउजेडी सांगून ठेवा. मध्यरात्री माळावर जांभळट उजेड आणि चार अनोळखी माणसं दिसली की गाव काठ्या घेऊन येणारच, आणि त्यांचं चुकत नाही.

आता दिवा. पतंगांच्या डोळ्यांना अतिनील (यूव्ही), निळा आणि हिरवा प्रकाश चांगला दिसतो. घरातल्या साध्या एलईडी बल्बमधून अतिनील किरण जवळजवळ निघतच नाहीत, म्हणून त्यावर गर्दी कमी. आमचा आहे तो जुन्या पद्धतीचा ब्लेंडेड मर्क्युरी बल्ब. त्याला वेगळा चोक लागत नाही, पण होल्डर आट्यांचा आणि चिनीमातीचाच हवा; प्लॅस्टिकचा वितळतो. पाऱ्यावर जगभर निर्बंध आल्यामुळे हे बल्ब आता दुकानांत सहज मिळत नाहीत. नव्याने सुरुवात करणाऱ्यांनी त्यांच्यामागे धावू नये. ३६५ नॅनोमीटरचा यूव्ही एलईडी दिवा घ्या. तो पॉवर बँकेवर चालतो, तापत नाही, लाईट गेली तरी अडत नाही. मर्क्युरीचा बल्ब एकदा विझला की पूर्ण निवेपर्यंत पुन्हा पेटत नाही, आणि पावसाळ्यात आपल्याकडे लाईट कितीदा जाते ते सांगायला नको. दिवा कोणताही असो, त्याच्याकडे टक लावून बघायचं नाही. यूव्ही अडवणारा चष्मा प्रत्येकाने आणावा. लहान मुलांना दिव्याच्या मागच्या बाजूला बसवू.

तापलेल्या काचेवर पावसाचा एक थेंब पडला तरी बल्ब तडकतो, आणि आत पारा असतो. आमचा पहिला बल्ब असाच गेला. म्हणून आता बल्बच्या वर पत्र्याचा तुकडा आडवा बांधतो. एक्स्टेन्शन बोर्ड जमिनीवर न ठेवता खुर्चीवर, वर प्लॅस्टिकचा डबा पालथा. घरच्या लाईनला ईएलसीबी (वीज गळली की लाईन आपोआप तोडणारा स्विच) नसेल तर ओल्या गच्चीवर मोठा बल्ब लावूच नका, बॅटरीवरचा दिवाच बरा.

चादर विकत आणायची गरज नाही. आजोबांचं जुनं पांढरं धोतर दुहेरी करून बांधलं की झालं; नसेल तर तीन-चार मीटर मांजरपाट. कपडे वाळत घालायच्या दोरीवर ते ताणून टाकायचं आणि खालचा हातभर भाग जमिनीवर पसरायचा. बरेच पतंग वरच्या कापडावर न येता खाली काठाशी उतरतात आणि तिथेच आपल्या पायाखाली येतात. दिवा कापडाच्या हातभर पुढे, छातीच्या उंचीवर, झाडी ज्या बाजूला आहे त्या बाजूला तोंड करून. गच्चीवरचे, शेजारचे बाकीचे दिवे बंद. शेजाऱ्यांना आदल्या दिवशी सांगून ठेवायचं काम माझ्याकडे.

शेतकऱ्यांना प्रकाश सापळा म्हटलं की वेगळंच डोळ्यांसमोर येतं: खाली पाण्याची पाटी, त्यात थोडं रॉकेल, सकाळी मेलेल्या किडी मोजायच्या. पिकासाठी ते ठीकच आहे. आपल्याकडे पाटी नाही, बाटली नाही, टाचण्या नाहीत. आलेला प्रत्येक पतंग जिवंत परत जायला हवा, ही माझी एकमेव अट आहे.

सगळे पतंग दिव्यावर येत नाहीत. काहींना गोड लागतं. त्यासाठी काकवी आणायची जबाबदारी कराडकरांची. पाव लिटर काकवीत तीन-चार अती पिकलेली केळी कुस्करून, चिमूटभर यीस्ट घालून दोन दिवस झाकून ठेवायची. वास आंबूस झाला पाहिजे. अंधार पडायच्या आधी दिव्यापासून लांबच्या दोन-तीन झाडांच्या बुंध्यांवर, माणसाच्या छातीच्या उंचीवर, ब्रशने पट्टे ओढायचे. मोठे तपकिरी, पंखांवर घुबडाच्या डोळ्यासारखं वर्तुळ असलेले एरेबस इथे येतात. युडोसिमाही येतो. बसलेला असताना तो वाळक्या पानासारखा दिसतो, मागचे पंख उघडले की नारिंगी रंग चमकतो. डाळिंब-मोसंबीवाल्यांना हा ठाऊक आहे. त्याच्या सोंडेला काटे असतात, ती फळात भोसकून तो रस पितो आणि त्या भोकातून फळ सडतं. त्याची अळी मात्र बागेत नसते, बांधावरच्या गुळवेलीवर वाढते.

अंगावर गडद रंगाचे पूर्ण बाह्यांचे कपडे घाला. पांढरा सदरा घालून आलात तर तुमचीच चादर होईल. कान झाकणारी टोपी हवीच, किडा कानात शिरणं ही गंमत नसते. गच्चीवर चप्पल चालेल, रानात मात्र घोट्यापर्यंतचे बूट; फुरसं आणि मण्यार दोन्ही रात्रीच फिरतात. बामणोलीच्या बाजूला गवे असतात, त्यामुळे एकट्याने दिव्यापासून लांब जायचं नाही. आणखी एका किड्याची ओळख करून देते: पेडेरस. मुंगीसारखा लांबट, काळा-नारिंगी, सेंटीमीटरभराचा. दिव्यावर हमखास येतो. अंगावर बसला तर चिरडू नका, फुंकर मारून उडवा. चिरडला तर एक-दोन दिवसांत भाजल्यासारखे फोड येतात. चुकून चिरडलाच तर लगेच साबणाने धुवा आणि तो हात डोळ्याला लावू नका. ज्यांना दमा आहे त्यांनी मास्क आणावा, पंखांची भुकटी हवेत बरीच असते.

फोटोला फोन पुरतो. क्लिप-ऑन मॅक्रो लेन्स असेल तर उत्तम. प्रत्येक पतंगाचे निदान दोन फोटो: एक अगदी वरून, एक बाजूने. शेजारी पट्टी धरा, म्हणजे आकार कळेल. डोक्यावर बांधायची बॅटरी लाल उजेडाची असली तर पतंग कमी बुजतात. वही मात्र कागदाचीच. तारीख, गाव, समुद्रसपाटीपासूनची उंची, तापमान, ढग, पाऊस, दिवा कोणता, किती वाजता लावला, किती वाजता विझवला. हे सगळं दिवा लावायच्या आधी लिहून ठेवायचं. पतंग यायला लागले की कुणाला वहीची आठवण राहत नाही.

आता जरा अभ्यास. भारतात पतंगांच्या १०,००० हून जास्त जाती आहेत, फुलपाखरांच्या साधारण १,३०० ते १,४००. तेव्हा नावं पाठ करून येऊ नका, बसण्याच्या ढबी बघायला शिका. जिओमेट्रिड कुळातला पतंग चारही पंख सपाट पसरून भिंतीला चिकटतो. त्याची अळी वीत टाकत चालते. नॉक्टुइड गवताच्या छपरासारखे पंख उतरते मिटतो. घाटेअळी आणि लष्करी अळी यांचे पतंग याच कुळातले. हॉक मॉथ म्हणजे मागे ओढलेल्या पंखांचं लढाऊ विमान. प्लूम मॉथ इंग्रजी टी अक्षरासारखा आडवा-उभा. ऊसपट्ट्यात दिवा लावलात तर निखळ पांढरे छोटे पतंग येतील, ते शेंडे पोखरणाऱ्या अळीचे. शेतकऱ्याला अळी ठाऊक असते, पतंग ठाऊक नसतो. आपल्यापैकी पुष्कळांचं उलटं. दोघं एका चादरीपाशी बसले की अर्धी ओळख तिथेच पटते.

माझं मत विचाराल तर पतंग ओळखायचे असतील तर आधी झाडं ओळखा. संध्याकाळी पाच वाजता या आणि माझ्याबरोबर आजूबाजूला एक चक्कर मारा. दारात कण्हेर किंवा तगर असेल तर हिरव्या संगमरवरासारखा डॅफनिस नेरी येण्याची शक्यता आहे. तिळाच्या रानाजवळ पाठीवर कवटीचं चित्र असलेला अकेरॉन्शिया. हा हातात घेतला तर चक्क किंचाळतो, आणि मधाच्या पोळ्यात शिरून मध चोरतो. उंबर असला तर असोटा. खुळखुळ्याच्या झुडपांपाशी पांढऱ्या पंखांवर काळे-लाल ठिपके असलेला युटेथीसा. ऐनाच्या जंगलाजवळ टसर रेशमाचा पतंग. वहीत ही झाडंसुद्धा लिहा. पुढे फोटोवरून नाव अडतं तेव्हा झाडांची ही नोंदच वाट दाखवते.

नाव अडणार हेही धरून चला. या देशातल्या पतंगांचं पहिलं मोठं वर्णन जॉर्ज हॅम्पसन यांनी १८९२ ते १८९६ या काळात चार खंडांत केलं. ते निलगिरीत चहाचे मळे करत होते. त्यातली कितीतरी नावं नंतर बदलली. काही जाती तर शरीराचे अवयव सूक्ष्मदर्शकाखाली तपासल्याशिवाय वेगळ्या करताच येत नाहीत. फोनमधलं ॲप नाव सुचवतं, ते सुचवणंच समजा. कुळापर्यंत खात्री असेल तर वहीत कुळच लिहा, प्रजातीपर्यंत असेल तर प्रजाती. चुकीचं पूर्ण नाव नोंदवलं की ते ॲपमधल्या नकाशावर जातं आणि मग तिथून काढणं फार कठीण.

रात्रीचा बेत असा. साडेसातला दिवा. पहिल्या दोन तासांत हॉक मॉथ आणि बारीकसारीक पुष्कळ. मून मॉथ, टसर असे मोठे बहुतेक मध्यरात्रीकडे येतात, म्हणून झोप आधी काढून या. ॲटलास पतंग आला तर त्याला हात लावू नका. त्याला खायला तोंडच नसतं, अळी असताना साठवलेल्यावर तो जेमतेम आठवडाभर जगतो. त्यातली एक रात्र आपण घेतो आहोत.

पतंग दिव्यावर प्रेमाने झेपावतो असं आपण लहानपणापासून ऐकलंय. २०२४ साली वेगवान कॅमेऱ्यांनी केलेला एक अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात दिसलं ते वेगळंच. उडणारे किडे आपली पाठ उजेडाकडे ठेवतात. रात्री उजेड म्हणजे आकाश, त्यामुळे एरवी ते सरळ उडतात. दिवा शेजारी आला की पाठ त्याच्याकडे वळते आणि ते त्याच्याभोवती फिरत अडकतात. हे वाचल्यापासून मी दर तासाला दहा मिनिटं दिवा बंद ठेवते (म्हणून यूव्ही एलईडीच शेवटी सोयीचा), आणि दीड वाजता कायमचा. कुणी कितीही आग्रह केला तरी.

याला एक कारण आहे. सुरुवातीच्या एका वर्षी मी दिवा पहाटेपर्यंत तसाच ठेवला आणि खुर्चीतच झोपले. जाग आली ती कोतवाल पक्ष्यांच्या आवाजाने. दोन कोतवाल, एक दयाळ आणि बुलबुलांची जोडी चादरीवरून एकेक पतंग उचलत होती. खाली नुसते पंख. त्यात मून मॉथची फिकट हिरवी शेपटी होती. रात्री अकराला मीच तिचा फोटो काढला होता आणि सगळ्यांना दाखवला होता.

तेव्हा दीडला दिवा विझला की चहा घेऊ आणि अंधारात अर्धा तास तसेच बसू, पुष्कळ पतंग आपणहून जातात. राहिलेल्यांना मऊ ब्रशने किंवा पोस्टकार्डावर घेऊन एकेक करून दाट झुडपात, पानांच्या खालच्या बाजूला सोडायचं, एका झुडपात सगळे नकोत. भिंत, कठडा, पाण्याच्या टाकीमागची बाजू बॅटरीने तपासायची. पोस्टकार्डं मी आणून ठेवली आहेत. ब्रश प्रत्येकाने आपला आणावा, रंगकामाचा अर्ध्या इंचाचा चालेल, पण नवा. जुन्याला टर्पेंटाईनचा वास राहतो. धोतर जागच्या जागी हलकेच झाडून, उलटंसुलटं बघून मगच घडी करायची, आणि घडी करायच्या आधी कुणीतरी दुसऱ्याने पुन्हा एकदा बघायचं.